स्पॅनिश कसं शिकवायचं हे शिकवणारा ऑनलाइन कोर्स: बारा वर्षं शिकवून झाल्यावर केला, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, मी युनिव्हर्सिटीत स्पॅनिश शिकवते आणि बारा वर्षं शिकवतेय, त्यामुळे हा नवशिक्याचा रिव्ह्यू नाहीये. कोर्सचं नाव देत नाही कारण पुढे तक्रारी पण आहेत. दहा आठवडे, साठ तास, सगळं ऑनलाइन, परदेशी भाषा म्हणून स्पॅनिश शिकवणाऱ्यांसाठी. स्पॅनिशमध्ये याला एले (ELE) म्हणतात, 'परदेशी भाषा म्हणून स्पॅनिश' याचा तीन अक्षरांचा शॉर्टफॉर्म.

आता बारा वर्षांनंतर हे का सुचलं? तर आमच्या लाइनची गंमत अशी आहे की तुम्ही बीए करता, एमए करता, पीएचडीला एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीवर पाच वर्षं घासता, व्हायवात त्यावरच डोकं फोडता, आणि नोकरी लागते ती सेर आणि एस्तार ('असणे'साठीची दोन स्पॅनिश क्रियापदं) शिकवायची. म्हणजे ज्याची डिग्री आहे ते शिकवायला मिळतं आठवड्यातून एक लेक्चर, बाकी सगळं ए-वन आणि ए-टू, म्हणजे अगदी सुरुवातीच्या लेव्हल. आणि ते कसं शिकवायचं हे कोणीच कधी सांगितलेलं नसतं! मी पहिली चार वर्षं तासिका तत्त्वावर होते, दर सेमिस्टरला नवीन कॉन्ट्रॅक्ट, पहिल्या दिवशी हातात पुस्तक दिलं आणि वर्ग दाखवला, झालं ट्रेनिंग. मग मला माझ्या मॅडमनी जसं शिकवलं तसंच मी शिकवत गेले, फळ्यावर क्रियापदाचा तक्ता, आब्लो, आब्लास, आब्ला (मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो), म्हणा सगळ्यांनी. परमनंट झाल्यावर तर कोणी विचारणारंच उरलं नाही.

तर कोर्सबद्दल. पहिले दोन आठवडे थिअरी, ते मी चहा पिता पिता काढले. युरोपचा भाषांसाठीचा तो कॉमन फ्रेमवर्क, २००१चा, ज्यातून ए-वन ते सी-टू लेव्हल आल्या, आणि इन्स्तितुतो सेर्वान्तेसचा (स्पॅनिशच्या प्रसारासाठीची स्पेनची सरकारी संस्था) प्लान कुर्रिकुलार, म्हणजे अभ्यासक्रमाचा आराखडा, २००६चा, कुठल्या लेव्हलला काय यायला पाहिजे याची जाडजूड यादी. माहीत होतं सगळं, पण एक गोष्ट डोक्यात नीट बसली की ए-वन म्हणजे धडा एक ते दहा नाही, तर मुलगा स्वतःची ओळख करून देऊ शकतो का, रस्ता विचारू शकतो का. आमचा पेपर मात्र अजून धड्यांवरच निघतो, तो विषय वेगळा.

खरा पैसा वसूल झाला तो पाचव्या आठवड्यात. असाइनमेंट अशी की स्वतःच्या तासाचं वीस मिनिटं ऑडिओ रेकॉर्डिंग करा आणि मग स्टॉपवॉच लावून मोजा, तुम्ही किती बोललात आणि मुलं किती बोलली. मला वाटलं माझा वर्ग एकदम बोलका आहे, मुलं हसतात, उत्तरं देतात. वीसपैकी सोळा मिनिटं मी. सोळा! आणि उरलेल्या चारात अर्धा वेळ बाकं सरकवल्याचे आवाज. ट्यूटरने तर अजून एक मोजलं होतं, मी अकरा प्रश्न विचारले आणि त्यातल्या नऊंची उत्तरं मीच दिली, कारण प्रश्न विचारल्यावर मी एक सेकंद पण थांबत नव्हते. "एन्तिएन्देन?" (समजलं का?) विचारायचं, सगळ्यांनी माना हलवायच्या, पुढे चला. ऐकताना इतकी लाज वाटली की मी मध्येच बंद करून फरशी पुसून आले.

ट्यूटरने लिहिलं, प्रश्न विचारल्यावर मनात पाच मोजा. बास, एवढंच. पुढच्या आठवड्यात केलं. पाच सेकंद वर्गात किती मोठे असतात हे करून बघितल्याशिवाय कळत नाही, एक, दोन, तीन, सगळे खाली बघतायत, आणि चारला मागच्या बाकावरून एक मुलगा, जो अख्ख्या सेमिस्टरमध्ये बोलला नव्हता, म्हणाला "यो गुस्तो एल सिने". चूक आहे. पण मी नेहमीसारखं पटकन दुरुस्त करायच्या ऐवजी गप्प राहिले आणि विचार केला, हे आलं कुठून? आलं इंग्रजीतून. आय लाइक सिनेमा. आमची सगळी पुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली, त्यात गुस्तार, म्हणजे 'आवडणे', हे मोठं संकट, दोन पानं स्पष्टीकरण, आणि मी पण बारा वर्षं तेच इंग्रजी स्पष्टीकरण फळ्यावर उतरवत होते. अरे पण मराठीत आपण काय म्हणतो? मला सिनेमा आवडतो. मे गुस्ता एल सिने. मला पुस्तकं आवडतात, मे गुस्तान लोस लिब्रोस. तंतोतंत तीच रचना, क्रियापद आवडणाऱ्या गोष्टीप्रमाणे बदलतं, माणसाप्रमाणे नाही. हे मी त्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, मग आधी का नाही सांगितलं?" काय सांगणार.

त्यानंतर मला नादच लागला. सुब्खुन्तिवो, म्हणजे इच्छा, शंका वगैरे सांगताना क्रियापदाचं बदलणारं रूप, ज्याला सगळे घाबरतात, तो आपल्याकडे अर्धा तयार आहे. तो येतो हे मला माहितीये, से के व्येने. तो यावा असं वाटतं, किएरो के बेंगा. येतो आणि यावा, यातला फरक मराठी मुलाला शिकवावा लागत नाही, फक्त दाखवावा लागतो. पण सगळीकडे हे चालत नाही हं. सेर-एस्तारला मी असंच करायला गेले, बर्फ थंड असतो तिथे सेर, सूप थंड आहे तिथे एस्तार, वर्ग खूश, मी खूश, आणि मग एका मुलीने विचारलं, मी शिक्षिका आहे, याला काय? तिथे तर सोय प्रोफेसोरा, म्हणजे सेर, आणि मराठीत नुसतं आहे. पडले तोंडावर. ट्यूटरला सांगितलं तर म्हणाला, मुलांना पण हेच सांगा, इथपर्यंत चालतं आणि इथे मोडतं.

पेपर तपासण्यावरचा भाग पण बरा होता. माझं गणित सांगते, चार बॅच, प्रत्येकी पस्तीस, म्हणजे एकशे चाळीस निबंध, एकाला सहा मिनिटं धरली तर चौदा तास, फक्त एका असाइनमेंटचे. कोर्सने सांगितलं सगळ्या चुका लाल करू नका, त्या आठवड्यात जे शिकवलं तेवढंच बघा, आणि उत्तर लिहून न देता नुसती खूण करा, लिंगाची चूक असेल तर एक खूण, काळाची असेल तर दुसरी, पोराने स्वतः शोधायचं. आता एकाला चार मिनिटं लागतात, म्हणजे साडेनऊ तासांच्या आत होतं. रविवार अजून जातोच, पण रात्रीचं जेवण घरच्यांबरोबर होतं.

देले, म्हणजे इन्स्तितुतो सेर्वान्तेसची स्पॅनिशची परीक्षा, तिच्यावर एकच सेशन होता आणि तो अजून लांब हवा होता, कारण मुलं सगळ्यात जास्त तेच विचारतात. तोंडी परीक्षेत दोन परीक्षक का असतात (एक बोलतो, दुसरा फक्त मार्क देतो), बी-टूपर्यंत वाचन-लेखन एका गटात आणि ऐकणं-बोलणं दुसऱ्या गटात, दोन्हीत पन्नासपैकी तीस लागतात, त्यामुळे वाचनात कितीही भारी असलात तरी ऐकण्या-बोलण्याचा खड्डा त्याने भरत नाही. हे मुलांना पहिल्याच महिन्यात सांगायला पाहिजे.

आता तक्रारी. सगळे व्हिडिओ स्पेनमधले, बारा मुलांचा वर्ग, बारा देशांचे, गोल बसलेले. माझ्याकडे पस्तीस, बाकं जमिनीला ठोकलेली, सगळ्यांची भाषा एकच. "जोडीदार बदला" म्हटलं की तीन मिनिटं नुसता गोंधळ. सगळीकडे वोसोत्रोस, म्हणजे स्पेनमधलं 'तुम्ही सगळे', लॅटिन अमेरिकेत रोजच्या बोलण्यात ते कोणी वापरत नाही, त्याऐवजी तिकडे चालणाऱ्या उस्तेदेसवर आणि अर्जेंटिनाच्या वोसवर ('तू') मिळून एक स्लाइड! आणि एका स्लाइडवर गिओन शब्दावर अजून अ‍ॅक्सेंटची खूण, स्पॅनिश अकादमीच्या २०१०च्या ओर्तोग्राफियाने (शुद्धलेखनाच्या नियमांनी) ती काढून टाकलीय, शिक्षकांच्या कोर्समध्ये तरी बघा की. कळवलं, "धन्यवाद" आलं, स्लाइड तशीच. ग्रुप डिस्कशन तिसऱ्या आठवड्यात मेलं. सर्टिफिकेट दोन महिन्यांनी आलं, त्यात पण आडनाव चुकीचं.

आणि आमच्या प्रमोशनच्या फॉर्ममध्ये शोधनिबंधांना रकाना आहे, कॉन्फरन्सला रकाना आहे, याला नाही. एचओडींना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "छान, पण पेपर कधी पाठवताय?" त्यामुळे करिअरला फायदा म्हणून करत असाल तर राहू द्या.

पाचपैकी साडेतीन देते. नुकतं एमए झालं असेल आणि पहिल्यांदा वर्ग मिळणार असेल तर डोळे झाकून करा. जुन्यांनी करायचा तर पहिले दोन आठवडे पळवा आणि पाचव्याला वेळ काढून ठेवा. रेकॉर्डिंगच्या आधी मुलांची परवानगी घ्या, आणि फोन मागच्या बाकावर ठेवा. मी पहिल्यांदा माझ्या टेबलावर ठेवला होता, त्यात वीसच्या वीस मिनिटं फक्त मीच ऐकू येत होते, ते सगळं परत करावं लागलं.