वेसनॉथ स्टीमवर, आणि भाचा यवतमाळात

'बॅटल फॉर वेसनॉथ' हा कॉम्प्युटरवरचा लढाईचा खेळ मी पहिल्यांदा खेळलो तो होस्टेलवर, मित्राच्या पेन ड्राइव्हवरून. एका सायबर कॅफेतून आणलेल्या कॉपीबरोबर व्हायरस आला आणि माझा सबमिशनचा अख्खा फोल्डर गेला. खेळ फुकट, कोड खुला, तरी मिळवायची ही तऱ्हा.

गेल्या दिवाळीत यवतमाळच्या भाच्याला तो द्यायचा होता. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात नाव टाकलं, इन्स्टॉल दाबलं, झालं. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, आत काही विकत घ्यायला लावणं नाही. डेव्हिड व्हाइटने 2003 मध्ये सुरू केलेला हा खेळ 2018 मध्ये, 1.14 आवृत्तीसोबत, स्टीमवर आला. हे फार आधी व्हायला हवं होतं.

खेळ षट्कोनी घरांवरचा, आळीपाळीने खेळायचा. जागा आणि वेळ दोन्ही सांभाळावी लागते. भालाईत गवतावर उभा असेल तर त्याला वार लागण्याची शक्यता 60 टक्के, गावात असेल तर 40. माणसांचं सैन्य दिवसा 25 टक्के जोरात मारतं, ऑर्क म्हणजे शत्रूकडचे राक्षस रात्री. भाच्याने पहिल्याच लढाईत घोडेस्वार अंधारात ऑर्कांवर घातला आणि गमावला. आता तो जखमींना गावात बसवतो, फेरीमागे 8 अंकांनी बरं करतो आणि उजाडायची वाट बघतो.

दर रविवारी आम्ही ऑनलाइन एकमेकांशी खेळतो. तो विंडोजवर स्टीममधून, मी लिनक्सवर फ्लॅटहब या अ‍ॅप-भांडारातून, सर्व्हर एकच. आवृत्ती मात्र जुळावी लागते. स्टीम त्याचं काम आपोआप करतं, मला अपडेट लक्षात ठेवून करावं लागतं.

नवख्यांनी 'एअर टू द थ्रोन'ला लगेच हात घालू नये, ती मोहीम फार लांबलचक आहे. 'अ टेल ऑफ टू ब्रदर्स' चारच लढायांची आहे, तिथून सुरुवात करा. संवादांची इंग्रजी जुन्या धाटणीची, लहान मुलांना शेजारी बसून वाचून दाखवावी लागते. मी फोनवर दाखवली.

प्रत्येक शिपायाला स्वतःचं नाव असतं, आणि मेलेला परत येत नाही. शेवटच्या लढाईत भाच्याचा बढती मिळालेला भालाईत पडला. रात्री साडेनऊला फोन: "मामा, तो आता येणारच नाही का?" दर फेरीला खेळ आपोआप सेव्ह होतो, मागे जाता येतं, हे त्याला ठाऊक होतं. मागे गेला नाही. तसाच पुढे खेळला.