पहिल्या बोर्ड गेमसाठी पैसा उभा करताना : किकस्टार्टर, देशातील आगाऊ नोंदणी की प्रकाशक?

मराठवाड्यात राहून एखाद्याने बोर्ड गेम तयार केला, ओळखीच्यांनी तो पुन्हा पुन्हा मागून खेळला आणि आता तो छापून विकावा असे मनात पक्के होऊ लागले, की पहिला प्रश्न पैशाचा येतो. त्यासाठी आज प्रामुख्याने तीन मार्ग दिसतात : किकस्टार्टरसारखे परदेशी क्राउडफंडिंग (अनेकांकडून थोडे थोडे पैसे जमवण्याचे) व्यासपीठ, देशातच स्वतः घेतलेली आगाऊ नोंदणी, आणि खेळ एखाद्या प्रकाशकाच्या हाती सोपवणे. ही तुलना छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड किंवा परभणीत राहणाऱ्या, एक-दोन सहकाऱ्यांच्या बळावर पहिलाच खेळ काढणाऱ्या व्यक्तीसाठी केली आहे. माझे मत आधीच नोंदवतो. खेळ विकत घेणारे लोक कोठे राहतात हे ठरल्याशिवाय व्यासपीठ ठरवू नये. आणि ते बहुतांश भारतातच राहत असतील, तर पहिल्या खेळासाठी देशातील छोटी आगाऊ नोंदणी किकस्टार्टरपेक्षा निश्चितच सरस ठरते.

किकस्टार्टरचे आकर्षण समजण्यासारखे आहे. २००९ साली सुरू झालेल्या या व्यासपीठावर खेळांचा विभाग सर्वांत मोठा आहे, आणि मुंबईच्या मेमेसिस कल्चर लॅबचा ‘शासन’ हा राजकारणावरील खेळ २०१९ मध्ये तेथूनच जगभर पोहोचला. तेथील व्यवस्थेतील सर्वांत न्याय्य गोष्ट म्हणजे उद्दिष्ट गाठले तरच पाठीराख्यांच्या कार्डावरून पैसे कापले जातात. उद्दिष्ट हुकले तर कोणाचेच काही जात नाही. व्यासपीठाचे शुल्क ५ टक्के असते आणि पैसे वळते करण्याचे शुल्क साधारण ३ टक्के व प्रत्येक व्यवहारामागे २० सेंट असते. म्हणजे २५ डॉलरच्या नोंदणीतून सुमारे २ डॉलर २० सेंट, जवळजवळ ९ टक्के, तेथेच राहतात. ही रक्कम जाचक नाही. अडचण दुसरीकडे आहे.

किकस्टार्टरवर मोहीम उघडण्यासाठी ज्या देशांतील रहिवास आणि बँक खाते चालते, त्या यादीत भारत नाही. त्यामुळे परदेशातील विश्वासू भागीदार तरी हवा, नाही तर तेथे कंपनी तरी हवी. कंपनी काढायची झाल्यास परदेशात गुंतवणूक करण्याचे २०२२ चे नियम, दोन देशांतील कर आणि दोन ठिकाणची वार्षिक विवरणपत्रे मागे लागतात; पाचशे प्रतींच्या खेळावर एवढा डोलारा उभा करणे मला पटत नाही. भागीदाराच्या नावावर मोहीम चालवायची असेल, तर पैसा कायद्याने त्याच्या खात्यात जमा होतो हे लक्षात घेऊन लेखी करार आधी करावा, नातेवाईक असला तरी करावा. शिवाय आपले पहिले चाहते नेमके याच दारात अडकतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार मार्च २०२० पासून नवी कार्डे परदेशी व्यवहारांसाठी बंद स्थितीतच हाती येतात आणि ती सुविधा ग्राहकाला स्वतः चालू करून घ्यावी लागते. लातूरच्या ज्या विद्यार्थ्याकडे केवळ यूपीआय आहे, त्याला खेळ कितीही आवडला तरी पाठिंबा देता येत नाही. अमेरिकेतील ग्राहकांच्या भरवशावर हिशेब मांडणाऱ्यांनी आणखी एक बदल ध्यानात घ्यावा : ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना तेथे मिळणारी शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आहे, त्यामुळे येथून एकेक खोका पाठवणे पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाही.

पोलंडचे गेमफाउंड हे क्राउडफंडिंग व्यासपीठ केवळ बोर्ड गेमसाठीच असल्याने तेथील ग्राहक जाणकार आहे. परंतु तो मोठ्या, मूर्तींसारख्या घडवलेल्या सोंगट्यांनी भरलेल्या खोक्यांना सरावलेला आहे आणि छोट्या पहिल्या खेळाकडे त्याचे लक्ष जाणे कठीण. केटो आणि मिलाप या आपल्याकडील परिचित संकेतस्थळांचा भर वैद्यकीय आणि सामाजिक मदतीवर आहे. उपचारांसाठी मदत शोधणाऱ्या कुटुंबांच्या रांगेत आपला खेळ नेऊन ठेवणे मला योग्य वाटत नाही.

आता देशातील आगाऊ नोंदणीकडे वळू. येथे एक साधे संकेतस्थळ, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) आणि ठरावीक मुदत एवढ्यावर काम सुरू होते. गेटवेचे शुल्क साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६ टक्के धरावे. मात्र किकस्टार्टरवर उद्दिष्टाचे जे संरक्षण आपोआप मिळते, ते येथे स्वतः उभे करावे लागते : पैसा ग्राहकाच्या खात्यातून लगेच निघतो, आणि उद्दिष्ट हुकले तर परतावा करताना गेटवेचे शुल्क साधारणपणे आपल्याच खिशातून जाते. म्हणून जमा झालेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी, किती नोंदणी झाल्यावर छपाई सुरू होईल तो आकडा पहिल्याच दिवशी जाहीर करावा, आणि तो आकडा गाठेपर्यंत त्या खात्याला हात लावू नये. लोकांनी विश्वासावर दिलेल्या पैशाची ही किमान मर्यादा आहे.

कायद्याची बाजू ऐकायला रूक्ष असली तरी तीच या मार्गाचा कणा आहे. वस्तू राज्याबाहेर विकायची असेल, तर जीएसटी नोंदणी पहिल्या खोक्यापासून सक्तीची आहे. वार्षिक ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीची सवलत राज्यांतर्गत विक्रीपुरतीच आहे. पत्ते, बुद्धिबळ, कॅरम आणि ल्युडोसारखे पटावरचे खेळ करासाठीच्या वर्गीकरणात ९५०४ या शीर्षकाखाली येतात आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांवरील दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, ही छोट्या निर्मात्यासाठी खरोखर चांगली गोष्ट घडली. वस्तूच्या आगाऊ रकमेवर लगेच कर भरावा लागत नाही. तो बीजक करताना येतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावाने नोंदणी घेणार असाल, तर मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालापोटी वळती झाली पाहिजे, अन्यथा कंपनी कायद्याखाली ती ठेव मानली जाऊ शकते. खेळाची घोषणा करून दोन वर्षे चित्रे रंगवत बसण्याची मुभा कायदा देत नाही, आणि ते बरेच आहे.

वयोगटाचाही निर्णय आधी घ्यावा लागतो. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. खोक्यावर नुसते ‘१४ वर्षांवरील’ असे छापल्याने सुटका होत नाही. खेळाचे रूप, भाषा आणि जाहिरातही तशीच हवी. ज्यांचा खेळ मुळातच शाळकरी मुलांसाठी आहे, त्यांनी परवाना असलेल्या उत्पादकाकडून माल करून घेण्याचा खर्च हिशेबात धरावा किंवा सरळ प्रकाशकाकडे जावे.

तीनही मार्गांवर सर्वाधिक परिणाम करणारी गोष्ट मात्र खोक्याचा आकार ही आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण शेवटी ठरवतात. प्रचलित चौकोनी खोका २९.५ × २९.५ × ७ सेंटिमीटरचा असतो. त्याला बाहेरून जाड पुठ्ठ्याचे आवरण घातले की ३२ × ३२ × १० होतो. कुरिअर कंपन्या घन सेंटिमीटरमधील घनफळाला ५००० ने भागून जे वजन येते ते प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असल्यास तेच धरतात. येथे ते २.०५ किलो येते, आत सामान पाऊण किलोचे असले तरी. तोच खेळ २० × १४ × ५ च्या खोक्यात बसवला, तर आवरणासह २२ × १६ × ७ होतो आणि वजन ०.४९ किलो, म्हणजे अर्ध्या किलोच्या टप्प्यात राहते. पट घडीचा करावा लागेल, सोंगट्या कमी कराव्या लागतील. तरीही हा बदल आधी करावा. समजा, किंमत ८९९ रुपये ठेवली. त्यातून ५ टक्के जीएसटीचे सुमारे ४३ आणि गेटवेचे २१ वजा केले की ८३५ उरतात. कुरिअर ९० आणि निर्मिती ३३० धरली तर प्रतीमागे ४१५ हाती राहतात, ४०० प्रतींमागे १ लाख ६६ हजार, आणि त्यातूनच चित्रकाराचे मानधन, नमुने व दुरुस्त्या भागवायच्या आहेत. मोठ्या खोक्यात कुरिअर व पुठ्ठा दोन्ही वाढल्यावर या आकड्याचे काय होते, ते प्रत्येकाने आपापल्या दरांनी करून पाहावे.

छपाईबाबत चीनमधील कारखान्यांचा फायदा असा, की पत्ते, कापीव पुठ्ठा, लाकडी सोंगट्या आणि आतील कप्पे एकाच छपराखाली होतात. पण मागणी साधारण ५०० ते १००० प्रतींपासून पुढे घेतली जाते आणि न्हावा शेवा बंदरात सीमाशुल्क, आयात-निर्यात कोड व खेळण्यांच्या नियमांची कागदपत्रे पुरी करावी लागतात. देशात हेच काम विभागून होते : पत्ते शिवकाशी किंवा पुण्यात, बाहेरची खोकी वाळूजमध्ये, लाकडी सोंगट्या कर्नाटकातील चन्नपटणाहून, आणि जुळणी आपल्याच घरी. यात कष्ट अधिक आहेत, मात्र ३००-४०० प्रतींवर चूक सापडली तर ती पुढच्या वेळी दुरुस्त करता येते. नमुना हातात आला की पत्ता ट्यूबलाइटसमोर धरून पाहावा. पलीकडचा आकडा दिसला तर कागद बदलावा. एकाच बाजूला लॅमिनेशन केलेले पत्ते आपल्याकडच्या एप्रिलमधील कोरड्या हवेत दोन दिवसांत वाकतात, कारण उघड्या बाजूचा कागद आकसतो आणि प्लॅस्टिकची बाजू तशीच राहते. म्हणून दोन्ही बाजूंना सारखाच लेप मागावा. पत्त्यांची गड्डी कडेने पाहून एखादा पत्ता केसभर मोठा आहे का तेही तपासावे, कारण असा पत्ता खेळाडूंना दोन डावांत ओळखू येतो.

भाषेचा निर्णयही याच टप्प्यावर होतो. माझा आग्रह मराठी आवृत्तीचा आहे. सारीपाट खेळणारे शिव-पार्वती वेरूळच्या १४ आणि २१ क्रमांकांच्या लेण्यांत कोरलेले आहेत, मोक्षपटाची, म्हणजे सापशिडीच्या जुन्या रूपाची, परंपरा आपेगावच्या ज्ञानेश्वरांशी जोडली जाते. अशा प्रदेशातून निघणाऱ्या खेळाची नियमपुस्तिका येथील माणसाला परकी वाटू नये. व्यवहारातही हे अवघड नाही. सर्व मजकूर केवळ काळ्या रंगात ठेवला, तर इंग्रजी आवृत्तीसाठी रंगीत छपाईच्या चार प्लेटांपैकी फक्त काळी बदलावी लागते. चित्रकाराशी करार करताना मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहावेत. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १९ नुसार ते लिहिले नसल्यास हक्क पाच वर्षांपुरते आणि भारतापुरतेच मिळाले असे मानले जाते. उद्या परदेशी मोहिमेचा विचार झाला, तर ही एक ओळ निर्णायक ठरेल.

तिसरा मार्ग प्रकाशकाचा. ज्यांना खेळ रचण्यात आनंद आहे, पण पार्सले बांधणे, बीजके करणे आणि फुटलेल्या खोक्यांच्या तक्रारी सोडवणे नको आहे, त्यांच्यासाठी तो उत्तम आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. मोबदला विक्रीच्या छोट्या टक्केवारीत येतो; त्यामुळे ती टक्केवारी छापील किमतीवर आहे की प्रकाशकाच्या प्रत्यक्ष जमेवर, हे करारात शब्दाशब्दाने पाहावे. त्याहून महत्त्वाचे कलम हक्क परत मिळण्याचे आहे : ठरावीक मुदतीत, समजा दोन वर्षांत, खेळ छापला गेला नाही किंवा छापून संपल्यावर पुन्हा काढला गेला नाही, तर सर्व हक्क निर्मात्याकडे परत यावेत. हे कलम ठेवण्यास प्रकाशक तयार नसेल, तर त्याच्याकडे खेळ देऊ नये आणि चारशे प्रतींची नोंदणी स्वतःच सुरू करावी.