लेझर मीटर: टेप गेली, प्रकाश आला

फर्निचरची मापं घेताना टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागायचा. कंटाळून हा लेझर मीटर घेतला. आठ महिने रोज वापरतोय. भिंतीला टेकवा, बटण दाबा, समोर लाल ठिपका, आणि आकडा हजर: 4.318.

आत काय चालतं ते वाचलं आणि बसलोच. प्रकाश जाऊन परत येतो, त्यावरून अंतर निघतं. कंपनी 2 मिमीची अचूकता सांगते. तेवढ्या फरकात प्रकाशाचा जाऊन-येऊन वेळ बदलतो तो सेकंदाच्या एक लाख कोटी भागांपैकी तेरा-चौदा भाग! एवढा वेळ थेट मोजणं अवघड, म्हणून असली बरीच यंत्रं पाठवलेल्या आणि परत आलेल्या प्रकाशाच्या चढउतारातला फरक ताडून बघतात.

गंमत पुढेच आहे. 1983 पासून मीटरची व्याख्याच प्रकाशावर आहे: निर्वात पोकळीत प्रकाश 1/299792458 सेकंदात जेवढं जातो, तो एक मीटर. म्हणजे हा वेग आता कोणी मोजत नाही, तो ठरलेलाच आहे. वेळ मोजा, अंतर आपोआप मिळतं. माझी स्टीलची टेप त्याची नक्कल, एवढंच.

तक्रारी आहेतच. उन्हात ठिपका दिसतच नाही, डोळे बारीक करून शोधत बसायचं. काचेवर मारला तर पलीकडच्या भिंतीचं माप देतो. एकदा खिडकीचा पडदा त्यामुळे चुकला. सेल मात्र अजून पहिलेच आहेत. टेप खिशातून काढलेली नाही. कोपऱ्यातल्या गोलाईला तीच लागते.