वडगाव की कोरेगाव?

पुण्याहून अर्ध्या दिवसात एकच रणभूमी बघायची असेल, तर माझा कौल वडगाव मावळला. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या विजयस्तंभापाशी, महादजी शिंद्यांच्या पुतळ्याजवळ गाडी थांबवायची आणि आधी कार्ल्यापासूनचा रस्ता आठवायचा. जानेवारी 1779 मध्ये इंग्रज फौज तिथून तळेगावपर्यंत आली. मराठ्यांनी वाटेतला दाणावैरण जाळला होता. माघार घेताना इंग्रजांनी अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकल्या आणि वडगावात त्यांना वेढा पडला. तहही तिथेच झाला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने तो नाकारला, ही गोष्ट वेगळी. कार्ल्याला मारला गेलेला कॅप्टन स्टुअर्ट आपल्याकडे ‘इष्टुर फाकडा’ झाला. शत्रूलाही असं नाव देणं मराठीलाच जमतं!

नगर रस्त्यावर, पेरणे फाट्याजवळचा कोरेगाव भीमाचा स्तंभ मात्र कंपनीने उभारला आहे. 1 जानेवारी 1818 ची, कंपनी आणि पेशव्यांच्या फौजांमधली लढाई. मजकूर कंपनीच्या बाजूने लिहिलेला, म्हणून तो जरा सावधपणे वाचावा. पण खरी नजर खाली कोरलेल्या नावांकडे वळते: त्यांत महार सैनिकांचीही नावं आहेत. 1927 साली डॉ. आंबेडकर इथे आले आणि दगडाचा अर्थच बदलला. 1 जानेवारीला इथे लाखोंची गर्दी असते. शांतपणे वाचायचं असेल तर दुसरा कुठलाही दिवस निवडा.

वडगावला रणभूमी डोळ्यांपुढे उभी राहते, कोरेगावला स्मृती.