मुलांच्या फोनवर फॅमिली लिंक : जूनपासून आतापर्यंतचा अनुभव (वडोदरा)

आम्ही मांजलपूरला राहतो, घरात मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत, सासू-सासरे सोबत. जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा दोघांच्या फोनवर गुगलचं फॅमिली लिंक टाकलं, म्हणजे मुलांच्या फोनवर पालकांना लक्ष आणि मर्यादा ठेवता येईल असं अ‍ॅप, आता दुसरं सत्र संपत आलंय. ट्युशनच्या बाहेर मुलांची वाट बघत उभ्या असतो तेव्हा कोणी ना कोणी विचारतंच की कसं आहे, खरंच उपयोग होतो का, मुलं चिडत नाहीत का. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते.

आधी निकाल सांगते. ठेवणार आहे, काढणार नाही. पण बहुतेक लोक ज्यासाठी हे टाकतात ना, ते टाइम लिमिट, ते यातलं सगळ्यात कमी कामाचं आहे असं माझं ठाम मत झालंय. खरी कामाची गोष्ट म्हणजे मुलाला कुठलंही नवीन अ‍ॅप टाकायचं असेल तर आधी आपल्या फोनवर परवानगी मागितली जाते, ती. त्यावर पुढे येतेच.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे फुकट आहे, २०१७ पासून आहे. पालकाचा फोन अँड्रॉइड असो की आयफोन, दोन्ही चालतं, पण मुलाचा फोन अँड्रॉइडच लागतो. मुलाच्या हातात आयफोन असेल तर त्यातलंच स्क्रीन टाइम वापरा, फॅमिली लिंकच्या मागे लागू नका. १३ वर्षांखालच्या मुलाचं गुगल खातं पालकानेच काढायचं असतं, आणि इथे एक कळकळीची विनंती आहे, जन्मतारीख खरी टाका!! फोन घेताना दुकानातला मुलगा पटकन कुठलंतरी १९९५-९८ साल टाकून खातं काढून देतो, म्हणे पुढे कटकट नको. पण त्या एका तारखेवर पुढचं सगळं अवलंबून असतं, यूट्यूब काय दाखवणार, प्लेस्टोर काय देणार, सगळं. एकदा दहा वर्षांचं पोर कागदावर तीस वर्षांचं झालं की कुठलंच संरक्षण त्याला लागू होत नाही.

मुलीचं तेरा पूर्ण झालेलं, त्यामुळे तिच्या खात्याला हे जोडायला तिची संमती लागते, चोरून लावता येत नाही. मला ते बरंच वाटलं. तिला शेजारी बसवून माझाच फोन दाखवला, हे बघ मला तुझं कुठलं अ‍ॅप किती वेळ चाललं ते दिसतं, लोकेशन दिसतं, तुझे मेसेज दिसत नाहीत, तू कोणाशी काय बोललीस ते दिसत नाही. तिने दोनदा विचारून खात्री केली मग हो म्हणाली.

आता टाइम लिमिट. सुरुवातीला रोजचे दीड तास ठेवले होते दोघांना. व्हायचं काय, तर दीड तास संपेपर्यंत फोन सोडायचाच नाही, कारण आपल्या हक्काचा वेळ आहे ना. आणि संपला की आई बोनस दे, पंधरा मिनिटं दे, रोज बाजारातल्यासारखी घासाघीस. शिवाय मुलगा बुद्धिबळाचे डाव बघतो तो तास आणि शॉर्ट्स सरकवत बसतो तो तास, एकूण वेळेच्या हिशोबात दोन्ही सारखेच. म्हणून ते एकूण लिमिट काढून टाकलं. फक्त यूट्यूब आणि एका गेमला वेगळी मर्यादा ठेवली, शाळेची अ‍ॅप आणि डिक्शनरी कायम चालू, आणि रात्रीचा डाउनटाइम, म्हणजे फोन आपोआप लॉक व्हायची वेळ, साडेनऊची, ती मात्र हलत नाही. माझ्या मते रात्रीचं कुलूप हे दिवसाच्या मोजमापापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. जे नको ते बहुतेक रात्री पांघरुणात होतं.

फक्त नवरात्रीत बदललं. आपल्याकडे गरबा बारापर्यंत चालतो, मुलगी मैत्रिणींसोबत ग्राउंडवर, तिथे साडेनऊला फोन लॉक होऊन कसं चालेल. नऊ दिवस डाउनटाइम पुढे ढकलला आणि लोकेशन चालू ठेवलं. तसं फोन लॉक झाला तरी आपण केलेला कॉल मुलाला उचलता येतो, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं आणि त्या भीतीने लावतच नाहीत. लोकेशनबद्दल एवढंच लक्षात ठेवा की मुलाचा फोन बंद असेल किंवा नेट नसेल तर मागचंच ठिकाण दिसतं, बाजूला लिहिलेली वेळ बघायची सवय लावून घ्या, नाहीतर उगाच जीव घाबरा होतो.

आता परवानगीचं. मुलाने गेम टाकायला दाबलं की माझ्या फोनवर नोटिफिकेशन येतं. मी लगेच हो-नाही करत नाही, संध्याकाळी दोघं मिळून प्लेस्टोरचं पान उघडतो. वयाचं रेटिंग काय, आत अनोळखी लोकांशी चॅट आहे का, पैसे देऊन काही विकत घ्यायचं आहे का. त्याला आता स्वतःलाच सवय झालीय, मागायच्या आधीच बघून येतो आणि सांगतो आई यात चॅट आहे पण बंद करता येतं. खरेदीला पण परवानगी मागतं, त्यामुळे गेममधले डायमंड, स्किन वगैरे विकत घेण्याचे पैसे परस्पर जात नाहीत. पण हे प्लेस्टोरमधून घेतलेल्यापुरतंच. आजोबांच्या फोनवरचा यूपीआय पिन मुलाला पाठ असेल तर फॅमिली लिंक काही करू शकत नाही, म्हणून सासऱ्यांचा पिन पहिल्याच आठवड्यात बदलला.

एक गेम घेताना आमचं ठरलं होतं की कोणीही नंबर मागितला, फोटो मागितला, किंवा इथे नको दुसऱ्या अ‍ॅपवर बोलू म्हणाला, की घरी सांगायचं आणि सांगितलं म्हणून फोन काढून घेतला जाणार नाही. गणपतीनंतर तसंच झालं. कोणीतरी डायमंड देतो म्हणून व्हॉट्सअ‍ॅप नंबर मागत होता. मुलगा सरळ उठून स्वयंपाकघरात आला आणि फोन माझ्यासमोर धरला. आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, मग ब्लॉक, याच क्रमाने, कारण ब्लॉक केल्यावर बऱ्याच ठिकाणी मागचं चॅट परत सापडत नाही. हे दुसऱ्या अ‍ॅपवर बोलावणं का करतात ते पण मुलांना सांगा, गेममध्ये रिपोर्ट व्हायची भीती असते, खाजगी चॅटमध्ये कोणी बघणारं नसतं. एवढं कारण कळलं की मुलं स्वतःच सावध होतात.

आता जे याच्या हातात नाही ते. व्हॉट्सअ‍ॅपच्या आत काय चाललंय ते याला दिसत नाही, दिसू पण नये. पण शाळेतलं सगळं घडतं तिथेच. मुलीच्या वर्गाच्या एका ग्रुपवर एका मुलीच्या फोटोचं स्टिकर बनवून फिरवलं, ती चार दिवस शाळेत आली नाही. आणि त्याहून वाईट काय झालं, तर पालकांच्या ग्रुपवर कोणीतरी तेच स्टिकर टाकून विचारलं की हे कोणी बनवलं. अहो, तुम्ही पण तेच पसरवताय!! मी तिथेच लिहिलं की आधी डिलीट करा, पुरावा लागला तर ज्याच्याकडे पहिल्यांदा आलं त्याचा एक स्क्रीनशॉट टीचरकडे पुरे. हे निदान चेष्टेचं होतं. अश्लील केलेलं असतं तर प्रकरण आयटी अ‍ॅक्टच्या कलम ६७ब आणि पोक्सोपर्यंत (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) जातं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की लहान मुलांचं असं साहित्य पाहणं, जवळ ठेवणं हाही गुन्हा ठरू शकतो. म्हणजे "बघा काय चाललंय" म्हणून सुद्धा फॉरवर्ड करायचं नाही. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर मुलांविरुद्धच्या अशा प्रकरणांची तक्रार नाव न देता करता येते, पैशाची फसवणूक असेल तर १९३० ला लगेच फोन, आणि मूल घाबरलेलं असेल तर मुलांच्या मदतीचा नंबर १०९८ दिवसरात्र चालू असतो. हे तीन मी फ्रिजवर लिहून चिकटवलेत. त्या वर्गाचा ग्रुप आता टीचरने फक्त अ‍ॅडमिन लिहू शकेल असा केलाय, तुमच्या शाळेत नसेल तर मागणी करा, एक मिनिटाचं काम आहे.

दुसरी मोठी पळवाट म्हणजे आजीचा फोन आणि हॉलमधला टीव्ही. मुलाच्या फोनवर यूट्यूब नऊ वर्षांवरच्या मुलांच्या पातळीवर, एक्सप्लोअर म्हणतात ते, आणि आजीच्या फोनवर सगळं मोकळं! साडेनऊला इकडे लॉक झालं की पोरगा आजीच्या कुशीत. टीव्हीवर मुलाचंच खातं लॉगइन केलं, आजीच्या यूट्यूबला रिस्ट्रिक्टेड मोड (मोठ्यांसाठीचे व्हिडिओ गाळणारा) लावला आणि तिला बसवून समजावलं. तिला वाटत होतं मी नातवावर संशय घेतेय. मग तिच्याच फोनवर कीर्तनाच्या व्हिडिओपासून सुरू करून चार-पाच वेळा सरकवत गेले आणि पुढे काय काय आलं ते तिने स्वतः पाहिलं. आता तीच मुलाला म्हणते, तुझा टाइम झाला बाळा. घरातले सगळे फोन, टीव्ही एकदम धरले नाहीत तर हे अ‍ॅप टाकून फारसा उपयोग नाही, हे अगदी मनापासून सांगते.

मुलीचं इन्स्टा आहे. तेरा ही त्यांचीच अट, आणि फेब्रुवारी २०२५ पासून भारतात १८ खालच्यांना टीन अकाउंट मिळतं. खातं आपोआप प्रायव्हेट, अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद, आणि १६ खालच्या मुलाला हे सैल करायचं तर पालकाची परवानगी लागते. पण हे सुद्धा जन्मतारखेवरच. तिच्या काही मैत्रिणींनी मोठं वय टाकून खाती काढलीत आणि गरब्याचे चनियाचोळीतले रील सगळ्या जगाला उघडे. आमच्याकडे नियम एवढाच की ग्राउंडचं नाव आणि लोकेशन त्याच रात्री टाकायचं नाही, आणि मैत्रीण दिसत असेल तर तिला विचारून टाकायचं.

ऑस्ट्रेलियासारखं १६ खाली बंदच करा असं आता पुष्कळ जण म्हणतात, तिथे १० डिसेंबर २०२५ पासून लागू झालंय. आपल्याकडे २०२३ च्या डेटा कायद्यात १८ खालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकाची पडताळलेली संमती लागेल असं आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत. चांगलंच आहे. पण आपल्याकडे एकेक फोन चार जणांच्या हातात फिरतो, तिथे ही संमती नक्की कोणाची धरणार हा प्रश्न मला पडतोच.

पुढचं आमचं असं ठरलंय. मुलीने स्वतःहून सांगितलं की लोकेशनचा तिला त्रास होतो, मैत्रिणीच्या घरी दहा मिनिटं जास्त बसलं तरी आई बघत असेल असं वाटतं. तिचं म्हणणं मला पटलं. नववीत गेली की तिचं लोकेशन बंद करतोय, संध्याकाळी एकटी स्कूलव्हॅन सोडून कुठे जाणार असेल तेव्हा ती स्वतः व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवेल. रात्रीचा डाउनटाइम आणि अ‍ॅपची परवानगी तेवढी राहील. मुलाचं सगळं आहे तसंच, त्याला यूट्यूबची वरची पातळी हवीय, त्यावर सुट्टीत बोलायचं ठरलंय.