आवाज साठवायची चिप: १८२० घ्यावी का एपीआर?

बटण दाबलं की आपलाच रेकॉर्ड केलेला छोटासा आवाज वाजावा, एवढंच हवं असेल तर बहुतेक जण आयएसडी १८२० नाहीतर एपीआर ३३ए३ यांच्यापाशीच येतात. मी दोन्ही वापरल्यात. लाइट गेली तरी दोन्हींतला मेसेज तसाच राहतो, त्यामुळे ती काळजी नको.

१८२० दोन पेन्सिल सेलवर मस्त चालते, ८ ओहमचा छोटा स्पीकर थेट लावायचा की झालं. आत आवाजाचं आकड्यांत (डिजिटल) रूपांतरसुद्धा होत नाही, व्होल्टेजच्या पातळ्या जशाच्या तशा साठवल्या जातात, हे मला फार भारी वाटतं. फक्त रेकॉर्डिंगची वेळ रेझिस्टरवर (वीज अडवणारा छोटा भाग) ठरते, १०० के (किलो-ओहम) ला १० सेकंद, २०० के ला २०, आणि २० पर्यंत ताणलं की सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाची किती वेळा नोंद घेतली जाते ते) ३.२ किलोहर्ट्झवर येतं मग स, श नीट ऐकूच येत नाहीत, "सातची गोळी" म्हटलंय का "आठची" तेच कळत नाही. १० वरच ठेवा, बोलणं स्वच्छ येतं.

पण माझं मन उडालं ते रेकच्या (REC, म्हणजे रेकॉर्ड करायच्या) बटणामुळे. मेसेज वाजत असताना जरी ते दाबलं गेलं तरी वाजणं बंद होऊन लगेच नवीन रेकॉर्डिंग सुरू, जुनं गेलंच. आणि मॉड्यूलवर, म्हणजे चिप बसवलेल्या तयार बोर्डवर, तिन्ही बटणं सारखीच, शेजारी शेजारी. आजोबांच्या गोळ्यांच्या डब्यावर आजीच्या आवाजातला मेसेज होता, त्यांनी चष्मा न लावता चाचपून बटण दाबलं आणि आजीच्या जागी पंख्याची घरघर आणि "अगं, हे वाजत का नाही?" एवढंच उरलं. रेकचं बटण काढून टाकता येतं म्हणा, पण मग मेसेज बदलायचा म्हणजे दरवेळी सोल्डरिंग गन काढा.

एपीआरमध्ये रेकची पिन ग्राउंडला (उणे टोकाला) जोडलेली असेल तरच रेकॉर्ड होतं, ती जोडणारा जंपर (छोटी जोडपट्टी) काढला की कोणी काहीही दाबू दे, फक्त वाजणारच. शिवाय आठ मेसेज, सगळे मिळून ११ मिनिटं. महाग आहे हे खरं, आणि माझ्याकडे तरी सेलवर फार टिकली नाही, ५ व्होल्टचा चार्जर लावावा लागला.

एकच मेसेज असेल, सेलवरच चालवायचं असेल आणि हात फक्त तुमचाच लागणार असेल तर १८२० बिनधास्त घ्या. घरातलं म्हातारं माणूस किंवा लहान पोर बटण दाबणार असेल तर मात्र थोडे पैसे जास्त गेले तरी एपीआरच बघा असं मला वाटतं, आणि काढलेला जंपर डब्याच्या आतच टेपने चिकटवून ठेवा, पुढच्या वेळी शोधाशोध होत नाही.