करेरा जीटी की एलएफए?
काल सकाळी तर्री पोहा खाता खाता पुन्हा तोच वाद, भारी स्पोर्ट्स कार कोणती, मित्र म्हणे पोर्शे करेरा जीटीच, मी म्हटलं लेक्सस एलएफए (दोघंही स्प्लेंडरवाले, ते सोडा). इंजिन दोन्हीत व्ही10, म्हणजे दहा सिलिंडरचं. पोर्शेचं 5.7 लिटर, 612 पीएस ताकद, सहा गिअर हातानं टाकायचे, वर लाकडी नॉब, आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) नाहीच, म्हणजे चुकला की गेला बे! एलएफएचं 4.8 लिटर, गिअरबॉक्स झटके देतो, मान्य, पण आवाज यामाहासोबत बसवलेला अन् इंजिन आयडलवरून 0.6 सेकंदात 9000 आरपीएमला पोचते, काटा मागे पडायचा म्हणून मीटरले स्क्रीनच लावली राजेहो. जीटी 1270 बनल्या, एलएफए फक्त 500. मले तर एलएफएच पाहिजे, वर्धा रोडच्या सिग्नलवर जीटीचा तो सिरॅमिक क्लच सोडता सोडता गाडी चारदा बंद पडन.